ते गोलमेज आर्थरचे नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर याच्यावरचा लेख आवडला, पण छायाचित्राखालची ओळ खटकली. आर्थर आणि त्याचे सरदार ज्याभोवती बसत असे सांगतात, ते गोलमेज म्हणजे इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या सभागृहात भिंतीवर टांगलेलेच, असे तुम्ही थेट ठरवून टाकलेत. या टांगलेल्या मेजाचे लाकूड तेराव्या शतकातले, तर वरची रंगरंगोटी सोळाव्या शतकातल्या आठव्या हेन्री राजाच्या काळातली. जेफ्री ऑफ मॉनमाउथ या लेखकाने ११३६च्या सुमारास आर्थरची कथा रंगवली, तीतही गोलमेज नाही. ते आले ११५५मध्ये, वास या कवीच्या फ्रेंच काव्यात. आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि आर्थरची राणी यांचे प्रेमप्रकरण तर त्याहून नंतरचे.

लेखात आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र सांगणाऱ्या मॅलरीच्या ग्रंथाचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. खरी गंमत तिथेच आहे. मुद्रक कॅक्स्टनने तो १४८५मध्ये छापला आणि पुढची साडेचारशे वर्षे सगळे तीच प्रत प्रमाण मानत आले. १९३४मध्ये विंचेस्टर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या जुन्या बांधण्या बघता बघता वॉल्टर ओकशॉट यांच्या हाती याच ग्रंथाचे एक हस्तलिखित लागले. व्यक्तींची नावे लाल शाईत, मजकूर छापील प्रतीपेक्षा जागोजागी वेगळा. पुढे त्याच पानांवर छपाईच्या शाईचे पुसट, उलटे ठसे सापडले; अक्षरांचे वळण कॅक्स्टनच्याच छपाईच्या खिळ्यांचे. म्हणजे हे बाड कधीकाळी त्याच्या छापखान्यात, नुकत्याच छापलेल्या, शाई न वाळलेल्या कागदांशेजारी पडलेले होते.

पुढच्या भागात या ठशांचे छायाचित्र छापता आले तर पाहा.

– एक नियमित वाचक, पुणे