तिलारीचे पाणी वाटले, वाघाची नोंद कधी?

मा. संपादक,
स. न.

तिलारी धरणाचे पाणी महाराष्ट्र आणि गोव्याने करार करून वाटून घेतले. त्याच धरणाच्या काठाने फिरणाऱ्या वाघासाठी मात्र असा करार नाही. तिलारी, म्हादई, भीमगड ही जंगले आणि पुढे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प हा एकच भ्रमणमार्ग, पण वनखाती तीन: महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाचे. महाराष्ट्रातील सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात 2018 मध्ये टिपलेला वाघ 2020 मध्ये दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या काळीत सापडला, तो पट्टे जुळले म्हणून.

पट्टे जुळायला छायाचित्रे एकाच पद्धतीने काढलेली हवीत. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, फ्लॅश एकमेकांच्या भिंगात जाणार नाही असे किंचित तिरके दोन ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे) बांधतात. एकाची बॅटरी उतरली की एकच कूस हाती लागते. शेजारच्या राज्याकडे नेमकी दुसरी कूस असली, तर एका वाघाचे दोन वाघ होतात. कॅमेरे वेगवेगळ्या महिन्यांत लावले आणि छायाचित्रे ताडून पाहिली नाहीत, तरी हेच घडू शकते. राष्ट्रीय गणना चार वर्षांनी येते. तोवर वाघिणीची पिल्ले मोठी होऊन पांगलेली असतात. तिन्ही राज्यांनी दरवर्षी पाऊस येण्याआधी एकाच वेळी कॅमेरे लावावेत आणि पंधरा दिवसांत छायाचित्रे एकमेकांना द्यावीत.

याहून तातडीचा प्रश्न वाघाने मारलेल्या गुराचा आहे. जानेवारी 2020 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील गोळावलीच्या रानात चार वाघ विषप्रयोगाने मेले. वाघ आपल्या शिकारीवर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही परततो, आणि कीटकनाशक त्याच मांसावर टाकले जाते. मेलेले जनावर ओढून दूर नेले, तर उपाशी वाघ दुसरे जनावर धरतो. म्हणून ते जागीच ठेवावे, जवळ कॅमेरे लावावेत, दुरून पहारा द्यावा आणि पंचनामा त्याच दिवशी करावा. गळ्यावरील सुळ्यांच्या खुणा, मांड्यांकडून खाल्ले की पोटाकडून, हे लिहून घ्यावे. वाघ बहुधा मागून सुरुवात करतो, बिबट्या पोटाकडून. भरपाईतला काही भाग तिथल्या तिथे मालकाच्या हातात पडला, तर विषाची बाटली बाहेर निघण्याची शक्यता खूप कमी होते. गाय एका राज्यातली आणि शिकार दुसऱ्याच्या हद्दीत असेल, तर मालकाला हेलपाटे न घालता पहिल्या पोहोचलेल्या वनरक्षकाचा पंचनामा दोन्हीकडे ग्राह्य धरावा.

गोव्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वरील कामांना त्या निकालाची गरज नाही. चोर्ला घाटाच्या तिन्ही राज्यांकडील वनरक्षकांकडे एकमेकांचे मोबाइल क्रमांक असणे, हे तर उद्याच करता येईल.

— व्याघ्रभ्रमणमार्गाचे अभ्यासक, दोडामार्ग