दंड फक्त गाडीमालकालाच का?

संपादक महोदय,

‘गाडीत कोणताही बदल केल्यास पाच हजारांचा दंड’ ही कालची बातमी वाचली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, हे खरेच. पण नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात तसा बदल करणाऱ्या विक्रेत्याला गाडीमागे एक लाख रुपये दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही, हेही त्याच कलमात आहे. ते आपल्या बातमीदाराने का गाळले?

माझ्या नव्या गाडीला पुढचा स्टीलचा गार्ड शोरूमनेच बसवला. मी मागितला नव्हता; अॅक्सेसरीजच्या पॅकेजमध्ये तो आला आणि बिलात त्याचे पैसेही लागले. पुढे नाक्यावर गाडी अडवली, चलान माझ्या नावावर. बिल दाखवले, तर हवालदार म्हणाले, “गाडी तुमच्या नावावर आहे, दुकानदाराचं तुम्ही बघा.” शोरूममध्ये जाब विचारला, तर “साहेब, सगळेच बसवून घेतात.” गार्ड काढल्यावर बंपरला भोके राहिली. तो बंपरही मीच पदरचे पैसे घालून बदलला.

असे गार्ड काढायला लावा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले आहे. धडक बसली की बंपरने चेपून धक्का पचवायचा असतो. गार्ड तो थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर नेतो, एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. पायी चालणाऱ्याला तर तो लोखंडी दांडाच लागतो. हे ठाऊक असूनही तो ग्राहकाच्या गळ्यात मारणाऱ्याला कोणी हात लावत नाही, याचा संताप येतो.

शिवाय ‘कोणताही बदल’ हे चूक आहे. ठोकरलेला दरवाजा किंवा बोनेट मूळ नमुन्याचेच बसवून त्याच रंगात रंगवले, तर ती दुरुस्ती झाली. गाडीचा रंगच बदलायचा असेल, तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्याच कायद्याच्या कलम ५२ चा रोख उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. गॅरेजमध्ये पत्र्याचे काम करून घेणाऱ्या माणसाला उगाच का घाबरवता?

आणि आपल्याच पुरवणीत अशा गार्डच्या जाहिराती छापून येतात, त्या आधी थांबवा.

विक्रेत्यांवर या कलमाखाली आजवर किती कारवाया झाल्या, हे परिवहन विभागाला विचारून तो आकडा पहिल्या पानावर छापावा, ही विनंती.

– एक वाहनमालक