फुंकर मोजणाऱ्या ताईंचे आभार

22 वर्षांची सिगारेट सोडायला मी ठाण्यात एका औषधचाचणीत नाव घातलं. संमतीपत्रातली ओळ न् ओळ मराठीत समजावणाऱ्या नर्सताई, तुमचे मनापासून आभार. मला मिळणारी गोळी औषधाची की नुसती तशी दिसणारी, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं; पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगितलंत. कधीही बाहेर पडता येईल, हेही. फुंकर मारायच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा 19 वरून 3 वर आला, तेव्हा तुमचेच डोळे भरले होते. तो आकडा लिहिलेला कागद अजून खिशात आहे.

नौपाड्यातले टपरीवाले काका, मला बघताच तुम्ही माचिस आत सरकवून चहा पुढे करायचात. आणि तलावपाळीवर तलफ येईल तेव्हा सोबत फेऱ्या मारणारे आजोबा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.