उभा पाय बघ

पुणे,
१२ जून

प्रिय सचिन,

तुझं पत्र कालच मिळालं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांची तायक्वांदोची बॅच सुरू करतोयस हे वाचून मनापासून आनंद झाला. कुठली किक आधी शिकवू, असं तू विचारलंयस. आप चागी (समोरची सरळ किक) आधी, दोल्यो चागी (बाजूने गोल फिरून येणारी किक) नंतर, यात काही नवं नाही. पण मी तुला त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो. मूल किक मारत असेल तेव्हा हवेतल्या पायाकडे बघू नकोस, जमिनीवरच्या पायाकडे बघ. वरचा पाय सगळ्यांनाच दिसतो, आईबापांनासुद्धा. चूक बहुतेक वेळा उभ्या पायातून सुरू होते आणि ती पकडणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.

म्हणून पहिला आठवडाभर किक नकोच. आप सोगी आणि आप कुबी हे दोनच पवित्रे घे. आप सोगी म्हणजे चालता चालता थांबल्यावर पाय पडतात तसं उभं राहणं. दोन्ही गुडघे सरळ, पुढच्या अंगठ्यापासून मागच्या टाचेपर्यंत साधारण तीन पावलांची लांबी, मागचं पाऊल जरासं बाहेर. आप कुबी लांब असते, साधारण साडेचार पावलं. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागचं पाऊल तीसेक अंश बाहेर वळलेलं, वजन जास्त पुढच्या पायावर. इथे पाऊल म्हणजे त्या मुलाचं स्वतःचं पाऊल, तुझं नव्हे. जमिनीवर एकच माप आखून सगळ्यांना त्यावर उभं करशील तर बुटकी मुलं फाकतील आणि उंच मुलं आखडतील. प्रत्येकाला टाचेला अंगठा लावत आपापली पावलं मोजू दे आणि खडूची खूण करू दे.

आप कुबीत दोन गोष्टी तपास. पुढचा गुडघा: मुलाने खाली पाहिलं तर वाटीच्या रेषेत पायाची बोटं यायला हवीत. गुडघा आतल्या बाजूला कलला असेल तर लगेच दुरुस्त कर, कारण ती सवय पुढे दोल्योत गुडघ्यावर येते. दुसरी गोष्ट मागची टाच. ती उचललेली राहिली तर पंचला जोरच मिळत नाही, कारण रेटा जमिनीतून यायचा असतो. बहुतेकांची टाच उचलली जाते ती पवित्रा फार लांब घेतल्यामुळे किंवा दोन्ही पावलं एकाच रेघेत ठेवल्यामुळे. मधे एका पावलाची रुंदी ठेवली की टाच आपोआप टेकते. हे बाजूने उभं राहून बघ, समोरून कळत नाही.

आप चागी चार मोजात शिकव: हाना, दुल, सेत, नेत, म्हणजे कोरियनमधले एक, दोन, तीन, चार. हाना म्हटलं की गुडघा वर, टाच मांडीजवळ. दुलला पाय सुटतो. सेतला तो दुमडून परत येतो. नेतला खाली टेकतो. मुलं सेत खातात. पाय सुटला की तसाच धप्पकन पुढे पडतो, त्याच्याबरोबर अंगही पुढे जातं आणि समोरच्याला आयतं सापडतं. म्हणून पहिले काही दिवस सेतवर दोन सेकंद थांबव. गुडघा वर, पाय दुमडलेला, एका पायावर तोल. ज्याला थांबता येत नाही त्याचा उभा पाय बघ: गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ असेल किंवा वजन टाचेवर गेलेलं असेल. गुडघा किंचित सैल कर, वजन चवड्यावर आण, तोल लगेच सापडतो.

फटका चवड्याने बसतो, बोटं मागे ओढलेली असतात. हे मुलांना शब्दांनी समजत नाही. त्यांना टाचा उचलून चवड्यावर उभं राहायला सांग आणि खाली बघायला सांग. पावलाचा तेव्हा जो आकार होतो, घोटा ताणलेला आणि बोटं मागे वाकलेली, तोच आकार हवेत न्यायचा आहे. मग खाली बसून, पाय लांब करून, नुसता तो आकार करायचा आणि सोडायचा, वीस वेळा. रोज दोन मिनिटं पुरतात. हे न करता पॅडवर मारायला लावलंस तर पहिल्याच दिवशी कुणाचा तरी अंगठा मुरगळेल.

आता दोल्यो चागी. इथे घाई करू नकोस, कारण दुखापती इथेच होतात. गुडघ्याचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे, मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो. वळायचं काम खुब्याचं आणि पावलाचं. वरचा पाय गोल फिरून येतो तेव्हा कंबर वळते. कंबरेबरोबर उभं पाऊल वळलं नाही तर तो सगळा पीळ मधल्या गुडघ्यात उतरतो. एका दिवसात काही होत नाही. चार-सहा महिन्यांनी मूल गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणतं आणि घरचे समजतात वाढीचं दुखणं असेल.

उभं पाऊल चवड्यावर वळतं. टाच किती उचलायची? खालून कागद सरकेल एवढीच. जास्त उचलली तर तोल जातो, अजिबात नाही उचलली तर तळवा मॅटला चिकटतो. फटका बसतो त्या क्षणी टाच समोरच्याकडे, म्हणजे लक्ष्याकडे वळलेली हवी. पोटाच्या उंचीच्या किकला पाऊल निदान काटकोनात वळलं पाहिजे, डोक्याच्या उंचीला जवळजवळ अर्धं वर्तुळ. हे बघायला मुलाच्या मागे उभा राहा. मॅटवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेव आणि सुरुवातीला पाऊल त्यावर सरळ ठेवायला सांग. किक झाल्यावर पाऊल पट्टीवर आडवं दिसलं तर वळलं, तसंच सरळ दिसलं तर नाही. मुलाला स्वतःलाच कळतं, तुला ओरडावं लागत नाही.

आधी किकशिवाय नुसतं वळणं घे. भिंतीला एक हात लावून, एका पायावर, गुडघा वर, आणि खालचं पाऊल चवड्यावर फिरवायचं. प्रत्येक पायाला दहा, असे तीन सेट. पहिले दोन भिंत धरून, तिसरा सोडून. मग चार मोजांत किक: हानाला गुडघा समोर वर, दुलला पाऊल वळतं आणि गुडघा आडवा होऊन पाय सुटतो, सेतला दुमडून परत, नेतला जागेवर. डाव्या पायाने सुरुवात कर आणि डाव्याचा एक सेट जास्त घे. उजव्याने सुरुवात केली की मुलं डाव्यापर्यंत थकलेली असतात आणि वर्षभरात दोन पायांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणखी एक चूक तुला नक्की दिसेल. गुडघा पुरेसा वर न येता किक खालून तिरकी उकरल्यासारखी जाते, धड आप चागी नाही, धड दोल्यो नाही. सरावात ती समोरच्याच्या कोपरावर आदळते आणि पावलाची वरची बाजू सुजते. त्यावर उपाय म्हणजे कमरेएवढ्या उंचीची खुर्चीची पाठ मधे ठेवायची आणि पाय तिच्यावरून न्यायचा. लागली तर लागली, हलकी प्लॅस्टिकची खुर्ची घे म्हणजे झालं.

उंचीचा हट्ट कुणाचाच चालू देऊ नकोस. स्पर्धेत छातीवरच्या साध्या किकला दोन गुण आणि डोक्यावरच्या किकला तीन, हे मुलांना यूट्यूबवरून तुझ्याआधी ठाऊक असतं. मग कंबर ओढून, मागे झुकून, कसाबसा पाय वर नेतात आणि उभं पाऊल तिथल्या तिथे. आधी गुडघ्याच्या उंचीला नीट, मग कमरेच्या, मग छातीच्या. जिथे पाऊल वळायचं थांबलं तिथे त्या मुलाची आजची उंची संपली. उद्या पुन्हा तिथून.

पॅड धरणं हेही शिकवण्याचाच भाग आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. मुलांनी एकमेकांना टार्गेट धरायचं असेल तर आधी धरायला शिकव. पॅड स्वतःच्या तोंडासमोर नाही, बाजूला. कोपर थोडं वाकलेलं. दोल्योसाठी पॅडचा चेहरा जरासा खाली झुकलेला. किक येताना पॅड पुढे नेऊन भेटवायचा नाही आणि घाबरून मागेही ओढायचा नाही. पुढे नेला तर मारणाऱ्याचं अंतर चुकतं आणि घोटा दुखावतो. मागे ओढला तर हवेत गेलेल्या पायाला थांबायला काही नसतं आणि गुडघा झटका खाऊन सरळ होतो.

हे सगळं बसायला लागलं की तेगुक इल जांग हा पहिला पुमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, घे, बहुधा दुसऱ्या महिन्यात. अठरा हालचालींचा हा पुमसे मला फार विचारपूर्वक बांधलेला वाटतो. यात आप सोगी आणि आप कुबी आलटून पालटून येतात, म्हणजे तू पहिल्या आठवड्यात घेतलेलंच पुन्हा येतं. जमिनीवरची वाट डोळ्यांपुढे आण: तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. आडव्या रेघांवर आप सोगी, उभ्या रेघेवर आप कुबी. एवढं सांगितलं की मुलं पवित्रा विसरत नाहीत. पहिल्या रेघेवर आरे माकी (खालचा बचाव) आणि पंच, दुसरीवर मोमतोंग आन माकी (धडासमोर आतल्या बाजूला बचाव) आणि उलट्या हाताचा पंच, तिसरीवर अल्गुल माकी (चेहऱ्याचा बचाव), मग आप चागी आणि पंच. एका दिवशी एकच रेघ घे. पाठमोरा उभा राहून दाखव, म्हणजे तुझा डावा तो त्यांचाही डावा.

यातही उभा पाय आहेच. तिसऱ्या आणि नवव्या हालचालीला मागे वळताना मुलं दोन्ही पाय हलवतात. तिसऱ्या हालचालीत डावा पाय जागेवर फिरतो आणि उजवा हलतो. नवव्या हालचालीत त्याच्या उलट. चौदाव्या आणि सोळाव्या हालचालीत किकनंतर पाय दुमडून आप सोगीच्या अंतरावर ठेवायचा असतो. सेत खाणाऱ्या मुलाची तिथे हमखास आप कुबी होते.

आता तपासायची एक सोपी युक्ती. उभ्या रेघेवर दोन आप कुबी पुढे जातात (पाचवी आणि अकरावी हालचाल) आणि दोन परत येतात (सतरावी आणि अठरावी). म्हणून शेवटी पारो (मूळ स्थितीत परत या) म्हटल्यावर मूल जिथून निघालं तिथेच उभं राहायला हवं. सुरुवातीच्या जागी खडूने फुली मार. शेवटी मूल फुलीच्या पुढे राहिलं तर परतीच्या आप कुबी आखूड पडल्या, मागे गेलं तर लांब. परतीलाच दम संपतो, म्हणून बहुतेक पुढेच राहतात. आरे माकीत मूठ मांडीच्या वर साधारण दोन मुठींच्या अंतरावर थांबते आणि अल्गुल माकीत मनगट कपाळापासून एक मूठ पुढे, ही मापं पुढच्या फेरीत सांग. पहिल्या फेरीत हातापायांची सगळी मापं एकदम सांगितलीस तर एकही टिकणार नाही.

ताणाचे व्यायाम सुरुवातीला धरून ठेवायचे नाहीत. आधी दहा-बारा मिनिटं धावणं, गुडघे उचलणं, पाय झुलवणं. जमिनीवर बसून पाय फाकवणं शेवटी, अंग गरम असताना, वीस ते तीस सेकंद. आणि कुणाच्याही पाठीवर किंवा मांडीवर दाब देऊन खाली बसवू नकोस, दुसऱ्या मुलालाही देऊ देऊ नकोस. जांघेतला स्नायू एकदा फाटला की महिनोन् महिने सतावतो.

फळी फोडण्याचं पालक विचारतील. सहा महिने थांब म्हणावं. पुढे करशील तेव्हा पाईनची फळी घे, मुलांना साधारण एक सेंटिमीटर जाडीची. लाकडाच्या रेषा बघायच्या: धरणाऱ्याचे हात ज्या दोन कडांवर आहेत त्या कडांना रेषा समांतर हव्यात. आडव्या धरल्यास तर फळी फुटणार नाही, पाय फुटेल. धरणाऱ्याची बोटं पुढच्या बाजूला येता कामा नयेत.

तुझ्या हॉलमध्ये शहाबादी फरशी आहे म्हणतोस. तिच्यावर नुसत्या पायांनी दोल्यो घेऊ नकोस. आत्ता कोरडी आहे, पावसाळ्यात ती ओल धरेल आणि निसरडी होईल. पंचवीस मिलिमीटरचे एकात एक अडकणारे मॅट घे, आणि प्रत्येक वर्गाआधी सांधे पायाने दाबून बघ. सांधा उघडा राहिला की वळणाऱ्या पावलाचं बोट नेमकं तिथेच अडकतं. घाम पुसायला दोन फडकी हाताशी ठेव. हॉलची आतली लांबी-रुंदी आणि खांब असतील तर त्यांची जागा मला लवकर कळव, म्हणजे किती मॅट लागतील ते काढून मी उलट टपाली लिहितो. आणि पहिल्या महिन्याच्या शेवटी मुलांच्या किकचे व्हिडिओ पाठव. कमरेखालचं सगळं दिसेल असे काढ, चेहरे नसले तरी चालतील.

तुझा,
मिलिंद