लास वेगासच्या वाटेविषयी बाबा-आईंना

अर्व्हाइन, कॅलिफोर्निया
२ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांमुळे काकांच्या धाकटीने एसटीने कऱ्हाडला जाणे बंद केले असून काका तिला रोज मोटरसायकलवरून कॉलेजात सोडतात, असे बाबांनी परवा फोनवर सांगितले. त्याच बोलण्यात त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. तुला असाच त्रास होता, तर वाळवंटातून इतका लांबचा प्रवास तू केलास कसा, आणि विमानाची सोय असताना तो करायचा कशासाठी? फोनवर मी ‘सविस्तर लिहिते’ एवढेच म्हणाले, कारण उत्तर धाकटीलाही उपयोगी पडावे आणि ते चार लोकांच्या आवाजात हरवू नये असे मला वाटले.

माझ्या त्रासाची सुरुवात इथल्या महामार्गावर झाली, हे तुम्हांला ठाऊक आहे; तेव्हा नेमके काय होत होते ते मात्र मी कधी नीट सांगितले नव्हते. गाडी चालवत असताना अचानक छाती धडधडू लागली, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आपण आता शुद्ध हरपणार अशी खात्रीच वाटू लागली. रुग्णालयात ईसीजी काढला, रक्त तपासले, थायरॉइड पाहिले. सगळे व्यवस्थित होते. त्यानंतर ज्या ज्या ठिकाणी असे होईल असे वाटे, ते ते ठिकाण मी टाळत गेले. आधी महामार्ग सुटला, मग पूल, मग गर्दीची दुकाने, आणि शेवटी कार्यालयातली लिफ्टसुद्धा. प्रत्येक वेळी टाळल्यावर घटकाभर फार हायसे वाटे, आणि हेच या दुखण्याचे इंधन आहे, असे माझ्या समुपदेशक बाईंनी मला पहिल्या काही भेटींतच समजावून सांगितले. पळून आल्यावर जो सुटकेचा आनंद होतो, त्यावरून मेंदू असा धडा घेतो की आपण पळालो म्हणून वाचलो, म्हणजे तिथे खरोखरच संकट होते. आणि पुढच्या वेळी तो अधिक लवकर, अधिक जोराने धोक्याची सूचना देतो.

शरीराचे कामही त्यांनी उलगडून सांगितले. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन वाढते, हृदय वेगाने चालते, आणि आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या व भोवळ येते ती त्यामुळेच. अशा वेळी रक्तदाब सहसा वाढलेला असतो, म्हणून माणूस बेशुद्ध पडणे विरळाच. लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग आपोआप उतरते. ती उतरते हे मला पाठ होते, परंतु पाठ असणे वेगळे आणि अंगाने अनुभवणे वेगळे, म्हणून त्यांनी मला तो अनुभव मुद्दाम घ्यायला लावला. त्यांच्या खोलीत खुर्चीत बसून गरगर फिरायचे, बारीक नळीतून श्वास घ्यायचा, जागच्या जागी धावायचे, आणि छाती धडधडू लागली की काहीही न करता तिथेच थांबायचे. मग वस्तीतले रस्ते, मग महामार्गावरून एकच फाटा, मग दोन, अशी पायरी पायरीने चढण. सोबत डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज चालू आहे. आई, ती झोपेची गोळी नाही आणि तिचे व्यसनही लागत नाही; तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ती मनाने एकाएकी बंद करायची नसते, एवढेच पथ्य आहे.

आता प्रवासाविषयी. सांगलीच्या कॉलेजातल्या आम्ही मैत्रिणी अमेरिकेत चार दिशांना विखुरलेल्या आहोत, आणि सर्व शहरांतून थेट विमाने जिथे येतात असे ठिकाण म्हणून त्यांनी लास वेगास निवडले. आमच्या घरापासून ते सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर आहे आणि मधला बहुतेक रस्ता मोहावेच्या वाळवंटातून जातो. विमानाने तासाभरात पोचता आले असते. तरीही मी गाडीचाच रस्ता धरला, कारण माझ्या पायऱ्यांच्या यादीत सर्वांत वर जे लिहिलेले होते, ते या रस्त्यावर आयते होते: दूरवर फाटा नाही, वस्ती नाही, मोबाइलचे जाळे मधूनमधून नाहीसे होणारे, आणि सुकाणू माझ्या हातात. बाबांच्या ‘कशासाठी’ला माझे खरे उत्तर हेच आहे.

पहाटे निघालो तेव्हा गाडी तुमचे जावई चालवत होते. सॅन बर्नार्डिनो सोडले की काहोन खिंडीची चढण लागते. आपल्या खंबाटकीसारखीच मालट्रकांची संथ रांग तिथे असते, पण रस्ता दोन्ही अंगांना मोकळा आणि डोंगर झाडांवाचून उघडे. याच खिंडीतून सॅन आंद्रेआस हा प्रसिद्ध भूभ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, जाते, आणि बाजूने मालगाड्यांची दोन-दोन मैल लांबीची माळ चढत असते. बाराशे मीटरांहून अधिक उंचीवर पोचल्यावर वाळवंटाचे पठार सुरू होते. व्हिक्टरव्हिल येथे मोहावे नदी ओलांडली. बाबा, ही नदी तुम्हांला पाहायला आवडेल: ती डोंगरातून निघून समुद्राकडे पाठ फिरवते, बहुतेक वाटचाल वाळूखालून करते, व्हिक्टरव्हिलच्या अरुंद खडकात अडल्यामुळे तेवढी वर दिसते, आणि शेवटी बेकर गावाजवळच्या कोरड्या सोडा सरोवरात संपते.

बार्स्टो येथे चहा घेऊन मी चालकाच्या जागी बसले. इथून बेकर सुमारे शंभर किलोमीटर आहे. निघण्याआधी आम्ही दोघांनी ठरवून ठेवले होते की मला काहीही झाले तरी ‘घाबरू नकोस, काही होणार नाही’ असे ते म्हणणार नाहीत, पाठीवर हात ठेवणार नाहीत, जवळचे रुग्णालय किती दूर आहे हेही सांगणार नाहीत. फक्त अधूनमधून आकडा विचारतील, आणि मी शून्य ते दहामध्ये भीती किती आहे ते सांगायचे. माझ्यावर जीव असलेल्या माणसाला हे किती कठीण गेले असेल, याची मला जाणीव आहे, आणि त्यांनी ते पाळले याचे मोल मी कधी विसरणार नाही. धीर देणे वाईट नव्हे. पण माझ्या बाबतीत तो धीर औषधासारखा दर पाच मिनिटांनी लागू लागला होता, आणि तो मिळाल्याखेरीज मी चालूच शकत नाही असे माझ्या मनाने धरले होते.

पहिला अर्धा तास छान गेला. करड्या जमिनीवर सारख्या अंतराने उगवलेली क्रिओसोटची झुडपे, दूर जांभळे डोंगर, आणि ताशी सत्तर मैलांनी सरळ पुढे जाणारा रस्ता. मग कोणतेही कारण नसताना पोटात खड्डा पडला. बोटे बधिर झाली, सुकाणूवरची पकड घट्ट झाली, आणि आपण गाडीसकट या मोकळ्या जागेत विरून जाऊ असे वाटू लागले. आकडा विचारला तेव्हा मी ‘आठ’ म्हणाले. बार्स्टो आणि बेकरच्या मध्ये महामार्गालगत एक विश्रांतीस्थळ आहे. त्याची पाटी नेमकी त्याच वेळी आली. बाबा, माझ्या सबंध प्रवासातला अवघड क्षण हा होता. तिथे वळणे पूर्ण सुरक्षित होते, कोणी नावेही ठेवली नसती. दृष्टी अंधारली असती किंवा गाडी ताब्यात राहिली नसती, तर मी निःसंशय वळले असते, कारण रस्त्यावर दुसऱ्यांचाही जीव असतो. परंतु मला रस्ता स्वच्छ दिसत होता, हात आज्ञेत होते, गाडी आपल्या पट्ट्यात होती. होती ती केवळ भीती. म्हणून मी उजव्या पट्ट्यात राहिले, मालट्रकाच्या मागे वेग थोडा कमी केला, खांदे सैल सोडले, आणि मोठ्याने म्हणाले, ‘ये, आणखी ये, मी इथेच आहे.’ पाटी मागे गेली. आठाचे नऊ झाले. ‘नऊ’ हे मी शांतपणे उच्चारू शकले, यातच मला काहीतरी बदलल्याचे कळले. पुढे सात, मग पाच. बेकरच्या अलीकडे पुन्हा एकदा सहा. आणि गाव दिसू लागले तेव्हा तीन.

भीती गेली नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. भीती असताना शंभर किलोमीटर गाडी चालली, एवढेच घडले, आणि माझ्या दृष्टीने याहून मोठे काही घडायला नको होते.

बेकर हे अगदी छोटे गाव आहे, पण तिथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभारलेला आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस, तापमानाची नोंद झाली, तिची ती उंची आहे. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारीची आल्हाददायक हवा होती. उन्हाळ्यात मात्र या रस्त्यावर पाण्याचा भरपूर साठा घेतल्याशिवाय कोणी निघू नये. इथून पुढेही मीच चालवले. माउंटन पासच्या उंचीवर जोशुआची काटेरी झाडे दिसतात, आणि पलीकडे उतरताना इव्हानपा येथे २०१४ साली सुरू झालेला सौर प्रकल्प येतो, ज्याच्या तीन मनोऱ्यांभोवती लक्षावधी आरसे सूर्याकडे तोंड करून उभे आहेत. राज्याची सीमा ओलांडली, आणि आणखी तासाभरात सपाट मातीतून एकदम उंच इमारती वर आल्या.

शहरात माझी परीक्षा वेगळ्या स्वरूपाची होती. वाळवंटात कोणी नसल्याची भीती होती, तर इथे सगळे जग एकाच रस्त्यावर लोटल्यासारखे वाटते. वर्षाला सुमारे चार कोटी पर्यटक या शहरात येतात. जुगारघरांच्या दालनांना बहुधा खिडक्या नसतात, घड्याळे नसतात, बाहेरचा दरवाजा शोधावा लागतो, आणि यंत्रांचा किणकिणाट अखंड चालू असतो. पूर्वीची मी आत शिरताच बाहेरचा रस्ता आधी हेरून ठेवला असता. या वेळी मी तो हेरला नाही, आणि जेवणाच्या टेबलावर मैत्रिणींना माझा त्रास सरळ सांगून टाकला. क्षणभर सगळ्या गप्प झाल्या; मग आमच्यातली एक, जिला आम्ही सर्वांत धीट समजत आलो, म्हणाली की तीही याच दुखण्यासाठी औषध घेते आणि घरी कोणाला माहीत नाही. त्यानंतरचे आमचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत चालले. बेलाजिओच्या तळ्याकाठी रात्री दर पंधरा मिनिटांनी कारंजी संगीतावर नाचतात. त्या गर्दीत खांद्याला खांदा लावून उभी असताना मला पुन्हा धडधडले, आणि मी लागोपाठ दोन खेळ पाहून मगच निघाले. मला ते अतिशय सुंदर वाटले, आणि सुंदर वाटण्याइतके मन मोकळे होते हे विशेष.

दुसऱ्या दिवशी, मैत्रिणी झोपलेल्या असताना, आम्ही दोघे या शहराचे मूळ असलेले झरे जिथे होते ते उद्यान पाहून आलो. या झऱ्यांमुळे वाळवंटात गवताळ जागा होती, वाटसरू थांबत, आणि म्हणूनच १९०५ साली रेल्वेने इथे जमिनीचा लिलाव करून गाव वसवले. पुढे उपसा इतका वाढला की १९६२ साली झरे आटले. आज शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी हूव्हर धरणामागच्या जलाशयातून, म्हणजे कोलोरॅडो नदीतून येते. रस्त्याच्या झगमगाटापेक्षा हा भाग मला अधिक जवळचा वाटला, आणि बाबांना इथे आणायचे असे मी ठरवून टाकले.

आता धाकटीविषयी. तिला एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या, हृदय आणि थायरॉइड पाहून घ्या, आणि ते ठीक निघाले तर ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून विषय संपवू नका. तिचा त्रास खरा आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. सुरुवात तिथूनही होईल. काकांना माझा नमस्कार सांगून एवढे कळवा की ते तिला रोज सोडतात ते मायेपोटीच, पण त्यामुळे एसटी दिवसेंदिवस अधिक भयंकर होत जाते. मोटरसायकल एकदम बंद करू नये, तेही चुकीचे होईल. तज्ज्ञाच्या सल्ल्याने आधी नुसते स्टँडवर जाऊन बसावे, मग एका थांब्यापर्यंत जावे, मग पुढच्या. आणि तिने ‘आज फार भीती वाटली’ असे सांगितले तर ‘मग उतरलीस का?’ असे न विचारता ‘कुठपर्यंत गेलीस?’ असे विचारावे. आई, हाच प्रश्न तू मलाही विचारत जा. ती तयार असेल तर रविवारी सकाळी तिला माझ्याशी बोलायला सांग. मी तिला उपदेश करणार नाही, फक्त त्या विश्रांतीस्थळाच्या पाटीविषयी सांगेन.

दिवाळीला आम्ही येत आहोत. पुण्याहून साताऱ्यापर्यंत गाडी मी चालवीन असे योजले आहे, घाटासह. बाबांनी शेजारी बसावे आणि मधूनमधून फक्त आकडा विचारावा, एवढी विनंती आहे.

काका-काकूंस नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, धाकटीस अनेक आशीर्वाद. प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा.

आपली,
लेक