निरोप नेऊ नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय शुभा,

परवा ऐरोलीहून येताना ठाणे स्टेशनच्या पुलावर मनूचा फोन आला. "मावशी, तू बाबांशी बोलतेस का?" त्या मुलाबद्दल सांगितल्यापासून तीन आठवडे भावोजी तिच्याशी बोलत नाहीत, हे तिच्याकडूनच कळलं. मी नाही म्हणाले. रागावली असेल. का नाही म्हणाले, ते तुला लिहिते. फोनवर तू रडशील आणि मग माझंही सगळं राहील.

माझे बाबा तुला माहीत आहेत. वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभं आयुष्य गेलं. सातवीत असताना त्यांनी मला व्हर्निअरवर माप वाचायला शिकवलं होतं. सूत म्हणजे किती, मिलिमीटर म्हणजे किती, सगळं. पोरीच्या हातात हत्यार कशाला, असं आजी म्हणाली तर म्हणाले, "तिचा हात दादापेक्षा स्थिर आहे." त्या एका वाक्यावर मी डिप्लोमा केला, आणि आज कंपनीत चौदा पुरुषांच्या मीटिंगमध्ये माप चुकलंय हे बेधडक सांगते. हे त्यांचंच देणं, ते मी कधी नाकारणार नाही.

पण रागावले की बाबा गप्प व्हायचे. आवाज नाही, आदळआपट नाही, फक्त अबोला. एकदा एकोणीस दिवस. आईनं मामाला न विचारता पैसे दिले होते, एवढंच कारण. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात मी निरोप्या. "बाबांना विचार, चहा ठेवू का." "आईला सांग, नको." आठ पावलांचं घर ते! त्यांनी पेपर कसा दुमडला यावरून आज बोलतील की नाही हे मला कळायचं. त्यात मी इतकी तरबेज झाले की तेच प्रेम वाटायला लागलं.

म्हणून तर तो कॉलेजातला, आठवतो ना? तलावपाळीवर आठ-आठ दिवस न बोलता शेजारून जायचा आणि मी तुझ्या हाती चिठ्ठ्या पाठवायचे. तू म्हणायचीस, हा घुम्या आहे. मला तो खोल वाटायचा. दोन वर्षं घालवली मी त्या खोलीत काय आहे ते बघण्यात. काही नव्हतं गं.

मुली नवऱ्यात बाप शोधतात म्हणतात. माझं उलटंच झालं. नवरा मिळाला भांडखोर. ओरडतो आणि दहा मिनिटांनी विचारतो, जेवायला काय आहे? मला ते फार उथळ वाटायचं. मग मीच गप्प बसायचे, चार-चार दिवस. एकदा हा ओट्याशी येऊन म्हणाला, "भांड तरी माझ्याशी." आणि मागे माझी लेक उभी, पाच वर्षांची: "बाबा, मी विचारू का आईला?" शुभा, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. बाबा मीच झाले होते.

तू शाळेत शिकवतेस ती रखमाबाईंची गोष्ट मला हल्ली फार आठवते. अकराव्या वर्षी लग्न, १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला, १८८७ मध्ये निकाल आला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. आणि ती म्हणाली, तुरुंग चालेल. हे बळ एका दिवसात येत नाही. डॉ. सखाराम अर्जुन तर सावत्र वडील, पण त्यांच्या घरात तिला राहता आलं, वाचता आलं. नको म्हटल्यावरही घराचं दार उघडं राहतं, हे तिनं आधी पाहिलेलं होतं. मनूला नेमकं तेच बघायचंय. तो मुलगा कसा आहे हा प्रश्न मला तरी दुसरा वाटतो. (कदाचित नसेलही चांगला. भावोजींना खटकलं असेल तर ते त्यांनी तोंडानं सांगावं, हवं तर ओरडून.)

म्हणून मी मध्ये पडणार नाही, आणि तूही "बाबा म्हणतात" आणि "मनू म्हणते" हे बंद कर. जेवायला एका टेबलावर बसव आणि तू ऊठ. पहिले दोन दिवस ताटं तशीच राहतील, राहू देत.

बाबा आता एक्याऐंशीचे. काल बल्ब बदलण्यावरून माझ्यावर चक्क ओरडले. मीही ओरडले. मग दोघांनी चहा घेतला.

मनूला पुढच्या शनिवारी इकडे पाठव. मामलेदारची मिसळ खाऊ, बाकी काही विचारणार नाही.

तुझी,
नीला