‘गॅस झालाय’ म्हणण्यात माझे आठ महिने गेले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत पोटफुगीवर अर्धं पान मजकूर होता. सावकाश जेवा, घास नीट चावा, जेवल्यावर थोडं चाला. त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. पण वाचणाऱ्याचं वय किती, आणि हे उपाय करत किती दिवस वाट पाहायची, या दोन गोष्टी त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हत्या. मी ५३ वर्षांची आहे. नेमक्या या दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या आणि माझा अंडाशयाचा कर्करोग आठ महिन्यांनी सापडला, म्हणून हे पत्र.

मी २९ वर्षं कपडे शिवते. माप घेणं हे माझं रोजचं काम. तरी स्वतःच्या अंगावरचं माप मी नीट वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या वर्षी माझ्या कपड्यांची कंबर दाटायला लागली. शिवणीत माया होती, ती उसवून सोडली. दोन महिन्यांनी पुन्हा सोडावी लागली. त्याच कपड्याची बाही मात्र दंडात सैल पडत होती, म्हणून ती मी आत घेतली. कंबर वाढतेय आणि दंड वाळतोय, हे माझ्याकडे आलेल्या एखाद्या बाईच्या बाबतीत मी लगेच विचारलं असतं. स्वतःच्या बाबतीत नाही विचारलं. वजनकाटा ५८ वरच होता, आणि काटा हलला नाही म्हणजे सगळं ठीक, असं घरात सगळ्यांनीच धरलं. दंडामांड्यांवरचं गेलेलं वजन पोटात साठलेल्या पाण्याने भरून काढलं होतं, हे नंतर कळलं.

आता शब्दांबद्दल. आपल्या भाषेत पोटासाठी किती नेमके शब्द आहेत! पोट सुटणं वेगळं, पोट फुगणं वेगळं, पोट डब्ब होणं वेगळं, गुबारा धरणं वेगळं. दोन घासांत पोट भरल्यासारखं होऊन पुढचा घास नकोसा होतो, त्याला तडस लागणं म्हणतात. माझी आई हे सगळे शब्द वेगवेगळे वापरायची. मी डॉक्टरांसमोर बसले आणि म्हणाले, “गॅस होतो.” पहिल्यांदाही तेच, दुसऱ्यांदाही तेच. खरं तर मला तडस लागत होती. ओटीपोटात सतत जडपणा होता. दर तासाला मशीन सोडून लघवीला उठावं लागत होतं. यातलं काहीच मी बोलले नाही, कारण ‘गॅस’ या एका शब्दात सगळं आलं असं मला वाटत होतं. त्रास सांगायचा सोडून मी निदानच हातात दिलं, आणि समोरच्यांनी ते घेतलं.

समोरच्यांचंही सांगायला हवं. पहिल्या डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेले तेव्हा गोळी बदलली आणि “पाळी जाण्याचं वय आहे, असं होतंच,” म्हणाले. तिसऱ्या खेपेला दुसरीकडे गेले, तिथे आयबीएस लिहून मिळालं, म्हणजे आतड्यांचा चिडखोरपणा. दोघांच्याही बाहेर रांग होती आणि ती माणसं वाईट नव्हती. पण त्या तीन भेटींत मला एकदाही तपासणीच्या टेबलावर झोपवलं गेलं नाही. माझ्या पोटाला कुणाचा हात लागला नाही. याचा राग अजून माझ्या मनात आहे आणि तो मी लपवणार नाही.

पाचव्या महिन्यात मी ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर माझं स्वतःचं माप लिहायला लागले. बेंबीवरून, श्वास सोडून, सकाळी उठल्यावर एकदा आणि झोपताना एकदा. सुरुवातीला सकाळी ३६ आणि रात्री साडेसदतीस असं यायचं. पुढे सकाळ-रात्रीतला फरक कमी होत गेला. सातव्या महिन्याच्या शेवटी सकाळीही ३९, रात्रीही ३९. टेप तोच होता आणि हातही तोच. हे लिहिण्यामागे काही मोठं शहाणपण नव्हतं. नवीन कपडा बेतायचा तर कोणतं माप धरायचं, एवढाच प्रश्न होता.

ती वही घेऊन मी तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आकडे वाचले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, झोपा जरा, पोट बघू.” त्यांनी एक हात पोटावर सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करत मधून कडेला नेलं. मध्ये आवाज पोकळ, कडेला ठस्स. मग मला कुशीवर वळवलं, थोडं थांबल्या आणि पुन्हा वाजवलं. मघाशी ठस्स असलेली बाजू आता पोकळ वाजत होती. “वारा असता तर असं नसतं झालं. हे पाणी आहे, तुम्ही वळलात तसं तेही वळलं,” त्या म्हणाल्या. या तपासणीला दोन मिनिटं लागली. यंत्र नाही, सुई नाही.

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफी, सीए-१२५ ही रक्ततपासणी, सीटी स्कॅन, मग पोटातला तुकडा काढून तपासणं. सीए-१२५ साधारण ३५ च्या आत असावं लागतं. माझं ६४० होतं. अंडाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा. आधी तीन केमो, दर २१ दिवसांनी एक, मग मोठं ऑपरेशन, मग आणखी तीन केमो. ते संपून आता पाच महिने झाले. केस परत आले आहेत. केमोने बोटांची टोकं अजून बधिर आहेत, सुई ओवायला वेळ लागतो. पण मशीनवर मी बसते आहे.

त्या काळात मी आणि माझ्या मुलीने जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, त्यातलं एक आपल्या पुरवणीत यायलाच हवं होतं. ब्रिटनमध्ये आजारांच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे की पोट फुगलेलं राहणं, चटकन पोट भरणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, वरचेवर किंवा घाईची लघवी यांपैकी काहीही महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल, आणि बाई विशेषतः ५० च्या पुढची असेल, तर सीए-१२५ करा. ते ३५ किंवा त्याहून जास्त आलं तर सोनोग्राफी करा. त्याच कागदात असंही आहे की आयबीएस पन्नाशीनंतर पहिल्यांदा उपटणं क्वचितच घडतं, म्हणून त्या वयात तशी लक्षणं नव्याने आली तर अंडाशयाचा कर्करोग नाही ना हे पाहून घ्या. माझ्या तिसऱ्या चिठ्ठीवर नेमकं तेच लिहिलेलं होतं आणि वय ५२ होतं.

माझी आणखी एक समजूत चुकीची होती आणि ती कितीतरी बायकांची असते. आदल्या वर्षीच माझी पॅप चाचणी झाली होती आणि ती चांगली आली होती. म्हणजे गर्भाशयाकडचं सगळं तपासून झालं, असं मी धरून चालले. पॅप चाचणी गर्भाशयाच्या मुखाची असते. अंडाशयात काय चाललंय ते तिच्यातून कळत नाही.

मग सगळ्याच बायकांनी दरवर्षी सीए-१२५ करावं का? नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की काहीच त्रास नसलेल्या बायकांच्या अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय हा आकडा पाळीत, गर्भाशयाच्या गाठींनी, एंडोमेट्रिओसिसमुळेही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) वाढतो आणि कर्करोगाच्या सुरुवातीला कित्येकदा वाढतच नाही. म्हणून तर आपलं शरीर काय सांगतंय याला इतकं महत्त्व. त्रास नसताना केलेली तपासणी आणि त्रास रोजचा झाल्यावर केलेली तपासणी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आकडा साधारण आला आणि पोट तसंच राहिलं, तर पुन्हा जायचं, हेही डॉक्टरांनी मला आवर्जून सांगितलं.

कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. पोट फुगणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो. माझी नणंद ४९ वर्षांची. माझ्यामुळे हादरून तिने महिनाभर वहीत खुणा केल्या, १९ दिवस भरले, आणि ती गेली. तिची थायरॉईड ग्रंथी मंदावली होती, त्याने बद्धकोष्ठता आणि त्याने फुगणं. गोळी सुरू झाली, पोट उतरलं. तिच्याच डॉक्टरांनी तिला समजावलं की पोट फुगणाऱ्या कितीतरी जणांच्या आतड्यात वायू फारसा जास्त नसतोच. जेवणानंतर छातीखालचा पडदा वर सरकायच्या ऐवजी खाली दाबला जातो, पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि पोट पुढे येतं. ते दिवसभरात वाढतं आणि रात्रीतून उतरतं. कुणाला दूध पचत नसतं, कुणाला सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार असतो. पुरुषांनीही हे आपलं नाही असं समजू नये. यकृत किंवा हृदय थकलं तरी पोटात पाणी होतं, आणि शौचाची सवय अचानक बदलणं किंवा रक्त दिसणं ही आतड्याची वेगळी सूचना असते. ही सगळी उत्तरं मिळण्यासारखी आहेत, पण आधी कुणीतरी पोटाला हात लावला पाहिजे.

घरातल्या आजारांबद्दल विचारलं तेव्हा मी “आईकडे कुणालाच नाही,” म्हणाले होते. त्या तरुण डॉक्टरांनी “आणि वडिलांकडे?” असं विचारलं. माझ्या आत्याला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो आणि स्तन व अंडाशय या दोन्हींचा धोका वाढवतो. माझ्यात तो निघाला. माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, मुलीने अजून ठरवलेलं नाही, आणि मी तिच्यामागे लागत नाही.

हा आजार अंडाशयापुरताच असताना सापडला तर दहांपैकी नऊ बायका पाच वर्षांनी हयात असतात. दूरवर पसरल्यावर हे प्रमाण दहांत तिघींच्या आसपास येतं, आणि बहुतेकींचा सापडतो तो पसरल्यावरच. तीन महिने आधी आले असते तर टप्पा वेगळा असता का, हे मी ऑपरेशननंतर विचारलं होतं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.” खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

संपादक महोदय, आपली पुरवणी माझ्यासारख्या कितीतरी जणी काम करता करता वाचतात. पोटफुगीवर पुन्हा लिहाल तेव्हा घरगुती उपायांच्या वर, ठळक अक्षरात, एवढं छापा: वय पन्नाशीच्या आसपास असेल, पोट नव्याने फुगायला लागलं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस तसं होत असेल, तर तारखा लिहून डॉक्टरांकडे जा, ‘गॅस’ हा शब्द न वापरता काय होतं ते सांगा, आणि पोट हाताने तपासून घेतल्याशिवाय उठू नका.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक